वर्षासन आणि वतन : नाशिक प्रांतांतील निर्वाहाच्या हक्काविषयीं कांहीं विचार

नाशिक, पंचवटी व त्र्यंबक येथील जुन्या घरांत कागदांचे जे रुमाल आढळतात, त्यांत वर्षासनाची एखादीहि सनद नाहीं असा रुमाल विरळा. संग्राहकाच्या हातीं असा कागद आला म्हणजे तो प्रथम शिक्का पाहतो, मग मिती, मग हस्ताक्षर. मजकूर ठराविक सांच्याचा असल्यामुळें तो बहुधा न वाचतांच कागदाची घडी पुन्हां घातली जाते. प्रस्तुत लेखाचा विषय तो ठराविक मजकूर हाच आहे. ज्यांच्या घरीं अशा सनदा कधींच आल्या नाहींत, अशा लोकांच्या कागदांचा विचारहि ओघानें करावा लागेल.

‘वर्षासन’ हा शब्द मुळांत ‘वर्षाशन’ होय. वर्ष आणि अशन, म्हणजे वर्षाचें अन्न. लेखनिकांच्या हातीं ‘श’ चा ‘स’ झाला आणि पुढें वाचणारास त्यांत आसनाचा भास होऊं लागला. मानमरातबाची छटा त्या शब्दास आली ती त्यामुळेंच असावी. परंतु शब्दाच्या पोटांतला मूळ अर्थ पोटाचाच आहे.

हा अर्थ आज पुन्हां ध्यानांत घेण्यास कारण असें कीं, अलीकडे अर्थशास्त्रज्ञांत एक वाद जगभर चालू आहे. राज्यानें प्रत्येक व्यक्तीस, ती श्रीमंत कीं गरीब, काम करते कीं नाहीं, हें न पाहतां निर्वाहापुरती रक्कम नियमित द्यावी काय, असा तो वाद आहे. अशा रकमेस मूलभूत उत्पन्न असें नांव पडलें आहे. भाकरीसाठीं कोणाची मिनतवारी करावी लागत नाहीं तोच खरा स्वतंत्र, असें एक पक्ष म्हणतो. फुकटच्या अन्नानें माणूस आळशी होतो, असें दुसरा म्हणतो. हा वाद आमच्याकडे परदेशीं उपजलेला म्हणून मांडला जातो. दफ्तरें चाळणाऱ्या माणसास तो तितका परका वाटूं नये. निर्वाहाची हमी म्हणजे काय, ती कोणत्या अटीवर मिळते, आणि ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते कीं घेणाऱ्याच्या हक्कावर, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें आमच्या सनदांत व वतनपत्रांत पडलेलीं आहेत.

प्रथम वर्षासनाकडे वळूं. कृष्णाजी अनंत सभासद यानें जिंजी येथें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जी बखर लिहिली, तींत शिवाजी महाराजांच्या धर्मादायाची रीति सांगितली आहे. गांवोगांवचे विद्यावंत, अनुष्ठानी व सत्पुरुष पाहून, त्यांचें कुटुंब पाहून, अन्नवस्त्रास जें लागेल तें धान्य व द्रव्य त्यांच्याच महालीं नेमून द्यावें आणि सालाचे सालास कारकुनांनीं तें पोंचतें करावें, असा तेथील आशय आहे. यांतील दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाहीं. एक, घेणारा कोण हें विद्येवरून ठरलें तरी किती द्यावयाचें हें कुटुंबाच्या गरजेवरून ठरे. दुसरी, तें पोंचविण्याचा बोजा कारकुनावर होता. घेणाऱ्यानें दरबारच्या दारीं तिष्ठत बसावें अशी कल्पना त्यांत नाहीं. त्याच बखरींत लढाईंत पडलेल्यांच्या मुलांस चालविल्याचें व ज्यांस पुत्र नाहीं त्यांच्या स्त्रियांस अर्धें वेतन करून दिल्याचें लिहिलें आहे. पुढें पेशवाईच्या कागदांत ‘बालपरवेशी’ हा शब्द भेटतो तो याच परंपरेंतला. चाकरी करणारा गेला, चाकरी संपली, आणि उत्पन्न मात्र चालू राहिलें. राज्यास ही गोष्ट अवघड वाटत नव्हती आणि ती ब्राह्मणांपुरतीहि नव्हती, एवढें यावरून निश्चित होतें.

आतां सनदेचा सांचा. देणाऱ्या-घेणाऱ्यांचीं नांवें व रक्कम हीं बदलतात. पण शेवटाकडे दोन वाक्यें बहुधा येतातच. एक, पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें चालवावें, ‘प्रतिवर्षीं नूतन पत्राचा आक्षेप न करणें’. दुसरें, या पत्राची प्रति लिहून घेऊन मूळ पत्र भोगवटियास परत द्यावें. महालच्या कमाविसदारास केलेली ही आज्ञा आहे. दर वर्षीं नवी सनद आण, मग देतों, असें त्यानें म्हणूं नये. आणि मूळ कागद स्वतःजवळ दाबून घेणारास आपल्या मुठींत ठेवूं नये. कारकुनी भाषेंतलें हें कोरडें वाक्य आमच्या मतें सनदेचा प्राण आहे. दान कितीहि मोठें असलें तरी तें दर साल नव्यानें मागावें लागत असेल तर घेणारा दर साल नव्यानें लहान होतो. पेशव्यांच्या सदरेंतील लेखनिकांस हें मनुष्यस्वभावाचें ज्ञान होतें. उलट घेणाऱ्यानें काय करावें? स्नानसंध्या करून, राज्याचें अभीष्ट चिंतून, सुखरूप राहावें. इतकीच अट; आणि ती पाळली कीं नाहीं हें मोजण्याचें माप कोणत्याहि कमाविसदारापाशीं नव्हतें.

अर्थात् कागदावर लिहिलें तसें नेहमीं घडे असें नाहीं. रक्कम महालच्या जमेंतून द्यावयाची असल्यामुळें अवर्षण पडलें, स्वारी झाली, कीं वर्षासन थकत असे. सरकार अडचणींत आलें म्हणजे इनामदारांवरहि पट्टी बसे. वरात घेऊन महालोमहाल हिंडणाऱ्यांच्या तक्रारींनीं दफ्तरें भरलीं आहेत. तथापि थकलेलें वर्षासन मागणारा माणूस हक्क मागत असतो, भीक नव्हे. हा फरक त्या तक्रारींच्या भाषेंतच दिसतो.

या भाषेचा खरा अर्थ कळण्यास पुण्याच्या रमण्याची आठवण करावी. श्रावणमासाची दक्षिणा दाभाड्यांनीं तळेगांवीं चालविली होती. १७३१ च्या डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यानंतर ती पेशव्यांनीं पुण्यास आणिली. पर्वतीच्या पायथ्याशीं दूरदूरचे ब्राह्मण जमत, आवारांत कोंडले जात आणि बाहेर पडतांना हातावर नाणें पडे. तीहि निर्वाहाचीच मदत. परंतु ती यावें, उभें राहावें आणि न्यावी अशी. वर्षासन व दक्षिणा यांस एकाच धर्मादाय सदराखालीं बसविण्याची आमच्या लेखकांची चाल आहे, ती योग्य नव्हे. कंपनी सरकारनें ही दक्षिणा पन्नास हजार रुपयांवर आणिली. १८४९ सालीं पुण्याच्या सुधारकांनीं तिच्यांतील कांहीं भाग मराठी ग्रंथरचनेस द्यावा असा अर्ज केला, तेव्हां शहरांत इतका क्षोभ झाला कीं अर्जदारांच्या पाठीशीं जोतीराव फुले यांस माणसें उभीं करावीं लागलीं. फुकटच्या अन्नानें आळस वाढतो हा आक्षेपहि त्याच काळीं लोकहितवादींनीं भटभिक्षुकांविषयीं मोठ्या तिखटपणें घेतला होता. तेव्हां तो आक्षेप आजचा नव्हे. आम्हांस मात्र त्यांत एक अपुरेपणा वाटतो. वर्षासनावर जगणाऱ्यांत आळशी होते तसे आयुष्यभर पोथ्या लिहीत व पढवीत बसलेलेहि होते. आणि आज ज्या पोथ्यांसाठीं संग्राहक गांवोगांव फिरतात, त्यांतल्या कित्येक असल्याच घरांतून निघालेल्या आहेत.

नाशिकच्या आसपास नेमणुकीचा आणखी एक प्रकार पाहावयास मिळतो, तो राजकारणी. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई पुत्र माधवरावाशीं न पटल्यामुळें नाशिकजवळ गंगापूर येथें येऊन राहिली आणि १७८८ सालीं तिचा अंत नाशकासच झाला. रघुनाथरावाचें आनंदवल्ली गोदाकांठीं तेथून फार दूर नाहीं. पूर्वींचें चौंधस, आनंदीबाईच्या नांवावरून त्याचें नामांतर झालें असें सांगतात. १७८२ च्या सालबाईच्या तहानें रघुनाथरावास दरमहा पंचवीस हजार रुपये ठरले. ही रक्कम राज्यकारभारांत पुन्हां हात न घालण्याची किंमत होती. त्याचा पुत्र दुसरा बाजीराव याच्या वांट्यास हेंच आलें. १८१८ सालीं त्यास सालीना आठ लाख मिळाले व बिठूरास राहण्याची अट पडली. १८५१ सालीं तो वारला तेव्हां दत्तकपुत्र नानासाहेबास कंपनीनें तें उत्पन्न नाकारलें. आठ लाखांच्या धन्यास जी खात्री नव्हती, ती पंचवटींतल्या शेपन्नास रुपयांच्या वर्षासनदारास त्याच्या सनदेनें दिलेली होती. रकमेच्या आंकड्यावरून मोकळीक मोजूं नये, हें सांगण्यास याहून चांगलें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

परंतु पुढें त्या वर्षासनदाराचीहि खात्री गेली. ती कशी गेली हें थोडक्यांत सांगतों. ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं एल्फिन्स्टननें साताऱ्यास जो जाहीरनामा काढिला त्यांत वतनें, इनामें, वर्षासनें व देवस्थानांचीं उत्पन्नें चालविण्याचें वचन दिलें होतें. त्याच वर्षाच्या एप्रिलांत नाशिक व त्र्यंबक इंग्रजांच्या हातीं गेलें. पुढें पस्तीस वर्षांच्या आंत, १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले आणि घरोघरच्या सनदा तपासणीस निघाल्या. ज्यांचे कागद पुराव्यास उतरले त्यांचें चाललें, ज्यांचे वाळवीनें खाल्ले होते त्यांचें गेलें. आज नाशिककरांच्या रुमालांत मूळ सनदेपेक्षां तिच्या नकला व कमिशनापुढील जबान्या अधिक सांपडतात त्याचें कारण हेंच. शेवटीं १८७१ च्या पेन्शन कायद्यानें असें ठरविलें कीं, सरकारनें दिलेल्या पेन्शनाविषयीं किंवा रोख नेमणुकीविषयीं दिवाणी न्यायालयानें सरकारी अधिकाऱ्याच्या दाखल्यावांचून दावाच ऐकूं नये. रक्कम चालू राहिली तरी तिच्या पाठीमागचा न्याय काढून घेतला गेला. ‘नूतन पत्राचा आक्षेप न करणें’ या जुन्या आज्ञेच्या नेमकें उलट असें हें कलम आहे. पेन्शन ही सरकारची बक्षिसी नसून घेणाऱ्याची मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें देवकीनंदन प्रसादांच्या खटल्यांत दिला तो १९७१ सालीं, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनीं. संस्थानिकांचे तनखे घटनादुरुस्तीनें बंद झाले तेंहि साल तेंच. निवृत्त नोकराची नेमणूक हक्क ठरली आणि राजांची नेमणूक संपली, ही जोडी काकतालीय असेल. पण इतिहासलेखकानें ती टिपून ठेवण्यासारखी आहे.

येथपर्यंत जें लिहिलें तें गांवाच्या एका अंगाचें. ज्या महालाच्या जमेंतून वर्षासन दिलें जाई तो महाल ज्यांच्या पायांवर उभा होता त्यांनाहि निर्वाहाची हमी होती, आणि ती वर्षासनाहून जुनी होती. तिचें नांव वतन व बलुतें.

बलुत्याची व्यवस्था वाचकांस ठाऊक आहे. खळ्यावर रास झाली म्हणजे धान्य कुणब्याच्या घरीं जाण्यापूर्वीं बारा बलुतेदारांचा हिस्सा निघे; महार हा थोरल्या ओळींतला बलुतेदार. शिवाय त्यास हाडकी-हाडवळ्याची इनाम जमीन, व कांहीं ठिकाणीं सरकारांतून अल्प रोख रक्कम असे. बेदरच्या पादशहानें अमृतनाक महारास बावन हक्क दिल्याची आख्यायिका महाराष्ट्रभर सांगितली जाते आणि त्या सनदेच्या नकलाहि कोठें कोठें निघतात. ऐतिहासिक पुरावा म्हणून त्यांची किंमत काय हा प्रश्न वेगळा. आम्हांस लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, जे लोक गांवकुसाबाहेर राहिले त्यांनींहि आपला निर्वाह कोणाच्या दयेवर न ठेवतां सनदेवर, हक्कावर ठेवण्याची आकांक्षा धरिली. मात्र त्या बावन हक्कांत मेलेलें जनावर ओढण्याचा व प्रेतावरील वस्त्र घेण्याचा हक्कहि मोडतो. हक्क आणि अवहेलना यांची गांठ इतकी घट्ट बसलेली दुसरीकडे क्वचित् दिसेल.

आणि चाकरी? वर्षासनदारास अभीष्ट चिंतावयाचें होतें. वतनदार महारास गांवची शींव राखणें, सरकारी पट्टी घेऊन तालुक्यास जाणें, आल्या अंमलदाराच्या घोड्याची व सरपणाची तजवीज करणें, रयतेस चावडीवर बोलावणें, मयताची बातमी परगांवीं पोंचविणें, आणि यांखेरीज सांगतील तें करणें भाग होतें. वेळेची मर्यादा नाहीं, कामाची याद नाहीं. १८७४ च्या मुंबई इलाख्याच्या तिसऱ्या कायद्यानें, म्हणजे वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यानें, ही जुनी रूढि इंग्रजी अंमलांत कायदेशीर झाली. जमीन मात्र पिढ्यान् पिढ्या वांटली जाऊन तुकड्यांचे तुकडे होत गेले.

या व्यवस्थेची सर्वांत मूलगामी चिकित्सा डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं केली. १९ मार्च १९२८ रोजीं त्यांनीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत या १८७४ च्या कायद्यास दुरुस्ती सुचविणारें बिल मांडिलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : वतनदारास दिवसा-रात्रीं केव्हांहि बोलावणें येतें, तो घरीं नसेल तर बापास किंवा घरांतल्या दुसऱ्या कोणास जावें लागतें, एवढ्याच्या मोबदल्यांत मिळणारें उत्पन्न नांवापुरतें आहे, आणि त्या नांवापुरत्या उत्पन्नाच्या आशेनेंच सारा समाज गांवाशीं जखडून राहून त्याची महत्त्वाकांक्षा मारली जाते. म्हणून बलुत्याऐवजीं रोख रक्कम सरकारनें साऱ्याबरोबर वसूल करून द्यावी. आणि ज्यास चाकरी नको असेल त्यानें पूर्ण आकार भरून जमीन ठेवावी व चाकरींतून मोकळें व्हावें. बिल निवड समितीकडे गेलें, तेथें तें पार पालटलें, आणि जुलै १९२९ मध्यें डॉक्टरांनीं तें परत घेतलें.

या बिलाकडे अस्पृश्योद्धाराच्या इतिहासांतलें एक प्रकरण म्हणून पाहिलें जातें. तें योग्यच आहे. पण अपुरें आहे. निर्वाहाच्या इतिहासांत त्याचें स्थान याहून मोठें आहे. वतनदाराची जमीन त्याच्याकडे राहावी आणि चाकरी मात्र सुटावी, ही त्यांतील मागणी म्हणजे वर्षासनदारास शतकानुशतकें जें मिळत आलें होतें तेंच महारास मिळावें, एवढीच होती. फरक इतका कीं महार त्याबद्दल पूर्ण सारा भरावयास तयार होता. तरीहि ती मान्य झाली नाहीं. कारण चाकरी सुटली तर गांवाचें हरकाम फुकटांत कोण करणार, या अडचणीवर तोडगा कोणाजवळ नव्हता. ज्या निर्वाहाची हमी दुसऱ्याच्या सोयीसाठीं दिलेली असते, ती सैल करावयास निघालें कीं ती कोणाच्या सोयीची होती हें कळून येतें.

नाशिक जिल्हा या लढ्यापासून दूर नव्हता. १९३० च्या मार्चांत पंचवटीच्या काळाराम मंदिरापुढें सत्याग्रह सुरू झाला, तेव्हां त्याच्या व्यवस्थेंत दिंडोरी तालुक्यांतील आंबें गांवचे भाऊराव कृष्णाजी गायकवाड पुढें होते. देवालय पेशवाईंतील ओढेकर सरदारानें बांधिलेलें. भोंवतालीं वर्षासनदारांचीं घरें. आणि दाराबाहेर उभे असलेले बहुतेक लोक गांवोगांवचे वतनदार महार. दोन्ही पक्षांच्या घरीं वंशपरंपरेचे कागद होते, हें त्या प्रसंगाच्या वर्णनांत कोणी लिहीत नाहीं. पुढें वतनी जमिनीवर सरकारनें वाढीव आकारणी बसविली, तेव्हां १९३९ च्या डिसेंबरांत नगर जिल्ह्यांत हरेगांव येथें व १९४१ च्या ऑगस्टांत आमच्याच जिल्ह्यांत सिन्नर येथें वतनदारांच्या परिषदा आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं भरल्या. सिन्नरच्या परिषदेचा उल्लेख नाशिकच्या स्थानिक इतिहासांत फारसा होत नाहीं. तो व्हावयास पाहिजे. कारण एका बाजूनें चाकरी तशीच ठेवून दुसऱ्या बाजूनें तिचा मोबदला कमी करण्याचा हा प्रकार होता. १९४७ सालीं आंबेडकरांनीं घटनासमितीसाठीं जें निवेदन तयार केलें त्यांत ते म्हणतात कीं, बेकार माणसास नोकरी आणि मूलभूत हक्क यांतून एक निवडावयास सांगितलें तर तो नोकरीच निवडील. तेव्हां पोटाची तरतूद नसलेलें स्वातंत्र्य कागदावरचें होय. सिन्नर-हरेगांवच्या मंडळींस हें घटनाशास्त्र स्वानुभवानें अवगत होतें.

१९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांव-वतनें नष्ट झालीं व १ ऑगस्ट १९५९ पासून ती चाकरी कायद्यानें संपली. भोगवट्याची किंमत भरल्यास जमीन परत मिळे, मात्र परवानगीवांचून ती विकतां येत नसे. याच १९५९ सालीं आणि पुन्हां १९६४ सालीं दादासाहेब गायकवाडांनीं भूमिहीनांचे सत्याग्रह चालविले, हें येथें जोडून वाचावें. साखळी तुटली, पण तिच्याबरोबर जी थोडी हमी होती तीहि गेली. आणि जमीन नसलेल्यास मोकळीक म्हणजे मजुरी शोधण्याची मोकळीक एवढीच उरली.

बलुत्याच्या मुळाशीं जो विचार आहे त्याचा एक समांतर धागा दूरदेशीं सांपडतो, तो येथें देतों. इंग्लंड, अमेरिका व फ्रान्स या तिन्ही देशांच्या राजकारणांत वावरलेल्या टॉमस पेन यानें १७९७ सालीं जमिनीच्या न्यायाविषयीं एक पुस्तिका काढिली. पुण्यास तेव्हां दुसरा बाजीराव नुकताच गादीवर बसला होता. पेनचें म्हणणें असें कीं, पृथ्वी मूळ स्थितींत सर्वांची सामाईक आहे. जो ती लागवडीसाठीं आपली म्हणून राखतो तो बाकीच्यांचें देणें लागतो. त्या देण्यांतून प्रत्येकास एकविसाव्या वर्षीं पंधरा पौंड व पन्नाशीनंतर सालीना दहा पौंड द्यावे, गरीब-श्रीमंत असा भेद न करतां. तें दान नव्हे, हक्क होय, असें त्यानें स्पष्ट म्हटलें आहे. आमच्या खळ्यावरहि धान्य घरीं जाण्यापूर्वीं गांवाचा हिस्सा निघत असे. जमिनीचें पीक एकट्या कसणाराचें नाहीं ही समजूत त्यांत आहेच. परंतु पेनच्या योजनेंत हिस्सा घेणारास जात नाहीं व चाकरी नाहीं. आमच्या खळ्यावर दोन्ही होतीं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ लिहिला तेव्हां बलुतें हें कुणब्यासहि ओझें झालेलें होतें. म्हणजे देणारा व घेणारा दोघेहि गांजलेले, आणि व्यवस्था मात्र चालू.

स्वातंत्र्योत्तर काळांत महाराष्ट्रानें निर्वाहाच्या हमीचा एक नवा मार्ग काढिला. वि. स. पागे यांनीं सांगली जिल्ह्यांत विसापूर येथें १९६५ सालीं जो प्रयोग केला त्यावरून रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळांत राज्यभर आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचें बळ मिळालें. पुण्याच्या गोखले संस्थेंतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं १९७१ च्या आपल्या ग्रंथांत दारिद्र्यावर उपाय म्हणून हक्काच्या कामाचीच शिफारस केली होती. मागेल त्यास पंधरा दिवसांत काम, न दिल्यास भत्ता, आणि खर्चासाठीं शहरांतल्या नोकरदारांच्या उत्पन्नावर व्यवसायकर. ही गोष्ट सामान्य नव्हे. सिन्नर-येवल्याच्या कोरड्या पट्ट्यांत त्या कामांनीं माणसें जगविलीं. येथें कामाची अट आहे. पण ती चाकरी जातीवरून येत नाहीं, काम मापलेलें असतें, आणि न येण्यास कोणी बापास ओढून नेत नाहीं. वतनाशीं तुलना करतां अंतर मोठें पडलें हें कबूल केलें पाहिजे. तरीहि खडी फोडावयास जी येऊं शकत नाहीं अशी म्हातारी त्या हमीच्या बाहेर राहते. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें स्त्रियांस दरमहा दीड हजार रुपये देण्याची योजना काढिली, तींत कामाची अट नाहीं. पण वयाची व उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि असल्या योजनेस अजून ‘नूतन पत्राचा आक्षेप न करणें’ हें कलम लिहिलें गेलेलें नाहीं. निवडणुकीचा वारा फिरला कीं तिचें काय होईल हें घेणारीस सांगतां येत नाहीं.

होळकरांच्या जुन्या मुलखांत, इंदूरच्या आसपास, २०११ सालापासून ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेनें कांहीं गांवांत एक प्रयोग केला. आठ गांवांतील प्रत्येक प्रौढास दरमहा दोनशें व मुलास शंभर रुपये, पुढें तीनशें व दीडशें, अट कोणतीहि नाहीं. आणि शिवाय एक आदिवासी गांव. लोक आळशी झाले नाहींत, उलट स्वतःच्या शेतावरचें काम वाढलें, कर्ज कमी झालें, आणि सावकाराच्या देण्यापोटीं सालभर दुसऱ्याच्या घरीं राबणाऱ्या कित्येकांस ती चाकरी सोडतां आली, असें अभ्यासकांनीं नमूद केलें आहे. प्रयोग दीड वर्षाच्या आंत संपला. संपणार हें घेणारांस आधींच ठाऊक होतें. तेव्हां पुत्रपौत्रादि चालणाऱ्या उत्पन्नाचा मनुष्याच्या वर्तनावर काय परिणाम होतो हें त्यावरून ठरत नाहीं. त्या प्रश्नास पुरावा हवा असेल तर तो आमच्या जुन्या रुमालांतच आहे. पिढ्यान् पिढ्या वर्षासन भोगलेल्या घराण्यांनीं त्या मोकळिकीचें काय केलें, कोण शिकलें, कोण निजलें, कोणी नवा धंदा धरिला, याचा हिशेब कोणी मांडलेला नाहीं. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, सनदा व कमिशनाच्या जबान्या एकत्र ठेवल्या तर तो मांडतां येण्यासारखा आहे.

संग्राहकांस एक विनंती करून हा लेख पुरा करतों. वर्षासनाचे कागद वाड्यांतून, माळ्यावरच्या पेट्यांतून येतात व विकलेहि जातात. त्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. वतनदार महारांचे कागद, म्हणजे बलुत्याच्या तंट्यांचे निवाडे, हाडकीच्या जमिनीचे उतारे, चाकरीच्या पाळ्यांच्या यादी, वाढीव आकारणीच्या नोटिसा, हे मातीच्या घरांत राहिले आणि पावसानें गेले. वाळवीच्या दृष्टीनें दोन्ही कागद सारखेच. संग्राहकाच्या दृष्टीनें मात्र आजवर सारखे ठरले नाहींत. १८७४ च्या कायद्याप्रमाणें वतनांच्या नोंदी सरकारांत झालेल्या आहेत, पण त्या सरकारच्या बाजूनें लिहिलेल्या. सिन्नर, दिंडोरी, निफाड, येवलें व चांदवड या तालुक्यांत ज्या कोणाच्या घरीं अशा कागदाचा एखादा तुकडाहि शिल्लक असेल, त्याची नक्कल, शिक्का नसला व हस्ताक्षर वाईट असलें तरी, मंडळाकडे अवश्य पाठवावी. मूळ पत्र भोगवटियास परत दिलें जाईल.